दर रविवारी नवं संगीत : योहान सेबास्टियन बाख यांची नोकरी

समजा, तुमच्या नोकरीचं स्वरूप असं आहे. दर आठवड्याला सुमारे वीस मिनिटांची एक नवी संगीतरचना तयार करायची. सोमवारी कागद कोरा आणि रविवारी सकाळी सात वाजता चर्चमधली उपासना सुरू. मधल्या दिवसांत रचना बांधायची, प्रत्येक गायक-वादकासाठी वेगळा कागद हाताने उतरवून घ्यायचा, शाळकरी मुलांची तालीम घ्यायची. त्याच मुलांच्या शाळेत शिकवायचं, त्यांच्या शिस्तीकडे बघायचं. गावात कुणी वारलं तर अंत्यविधीच्या गाण्याची सोय करायची. घरी लहान मुलं. रविवार पार पडला की पुन्हा कोरा कागद.

योहान सेबास्टियन बाख यांनी जर्मनीतल्या लाइपझिग शहरात १७२३ साली ही नोकरी धरली आणि १७५० साली मृत्यू येईपर्यंत ती सोडली नाही. आज पाश्चात्त्य संगीताचं नाव निघालं की पहिल्या दोन-तीन नावांत त्यांचं नाव येतं. पण हयातीत ते एका नगरपरिषदेचे कर्मचारी होते. वरिष्ठांशी खटके, अपुरी माणसं, पगाराची काळजी हे सगळं त्यांच्याही वाट्याला आलं. त्या धबडग्यातून इतकं मोठं काम कसं उभं राहिलं, हे समजून घेण्यासारखं आहे.

कपाटातली वही

बाख यांचा जन्म २१ मार्च १६८५ रोजी आयझेनाख गावी झाला. घराणं पिढीजात संगीतकारांचं. वडील गावाचे अधिकृत वादक होते, काका-चुलतभाऊही कुठल्या ना कुठल्या चर्चमध्ये किंवा दरबारात वाजवणारे. आठ भावंडांत हा सगळ्यांत धाकटा. तो नऊ वर्षांचा असताना आई गेली आणि वर्षभराच्या आत वडीलही गेले. ओर्डरूफ गावात चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या मोठ्या भावाने त्याला आपल्या घरी नेलं.

या भावाकडे नामवंत संगीतकारांच्या रचनांची एक वही होती. धाकट्याने ती मागितली, भावाने नकार दिला. वही जाळीच्या दाराच्या कपाटात बंद असायची. पोराचा हात लहान होता, तो जाळीतून आत जायचा. वहीची गुंडाळी करून ती बाहेर ओढायची आणि चांदण्यात बसून उतरवून काढायची, असं सहा महिने चाललं. वही पूर्ण झाली आणि भावाच्या हाती लागली. त्याने ती काढून घेतली. बाख यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या चरित्रलेखात ही हकिकत आली आहे, आणि तो लेख लिहिणाऱ्यांत त्यांचा मुलगाही होता.

चार आठवड्यांची रजा

अठराव्या वर्षी बाख यांना आर्नश्टाट गावच्या चर्चमध्ये ऑर्गनवादकाची नोकरी मिळाली. मराठी संगीत नाटकांतून आपल्याला ऑर्गन ठाऊक आहे. पायाने भाता चालवायचा आणि हाताने वाजवायचं, असं ते वाद्य. चर्चचा मोठा ऑर्गन याच कुळातला, पण आकाराने भिंतीएवढा. शेकडो, कधी हजारो नळ्या, हातांसाठी एकाहून अधिक पट्ट्या आणि पायांनी वाजवायची आणखी एक पट्टी. वीज नसलेल्या त्या काळात भाते ओढायला वेगळी माणसं लागत.

या वाद्यावर तरुण बाख यांचा हात असामान्य होता, आणि स्वभाव तिखट. वाद्यवृंदातल्या एका विद्यार्थ्याच्या वादनाला त्यांनी हिणकस नाव ठेवलं. त्याने रस्त्यात गाठून काठी उगारली तेव्हा बाख यांनी तलवार उपसली. लोकांनी दोघांना सोडवलं, प्रकरण वरिष्ठांपर्यंत गेलं.

१७०५ सालच्या शरद ऋतूत त्यांनी चार आठवड्यांची रजा घेतली. ल्युबेक शहरात बुक्स्टेहूडे नावाचे वयोवृद्ध ऑर्गनवादक होते, त्यांचं वादन ऐकायचं होतं. अंतर चारशे किलोमीटरच्या पुढे. बाख हे अंतर पायी चालून गेले. चार आठवड्यांची रजा जवळजवळ चार महिन्यांची झाली. परत आल्यावर चौकशी झाली. इतके दिवस कुठे होतात, हा एक प्रश्न. दुसरी तक्रार अशी की आल्यापासून तुम्ही भजनांच्या चालीत असे विचित्र सूर मिसळता की गाणारे भाविक गोंधळून जातात. वादन फार लांबतं असं पूर्वी सांगितलं, तर तुम्ही अगदीच तोकडं वाजवू लागलात, हीही नोंद त्या चौकशीत आहे.

तुरुंग, राजवाडा आणि रिकामं घर

पुढे म्युल्हाउझेन आणि मग वायमार. वायमारच्या दरबारात ते नऊ वर्षं होते. दुसरीकडे चांगली जागा मिळाली म्हणून राजीनाम्यासाठी फारच हट्ट धरला, तेव्हा सरदाराने त्यांना सरळ अटकेत टाकलं. ६ नोव्हेंबर ते २ डिसेंबर १७१७ असे जवळपास चार आठवडे कोठडीत काढल्यावर त्यांना नोकरीतून मुक्त केलं गेलं.

नवी जागा होती क्योटनच्या राजपुत्राकडे. लिओपोल्ड स्वतः वादक आणि संगीतावर जीव असलेला माणूस. त्याच्या पंथात चर्चमध्ये संगीताला फारसं स्थान नव्हतं, त्यामुळे बाख यांनी इथे मुख्यतः वाद्यसंगीत लिहिलं. पगार चांगला, वादक उत्तम, मालक जाणकार.

१७२० च्या उन्हाळ्यात राजपुत्र कार्ल्सबाडला गेला आणि बाख यांनाही सोबत जावं लागलं. निघताना पत्नी मारिया बार्बरा ठणठणीत होती. परत येऊन घरात पाऊल ठेवलं तेव्हा कळलं की ती वारली आणि तिचं दफनही झालं. घरात चार मुलं होती, थोरली अकरा वर्षांची, धाकटा पाच वर्षांचा.

पुढच्या वर्षी त्यांनी दरबारातली गायिका अॅना माग्डालेना हिच्याशी लग्न केलं. ती वीस वर्षांची होती, ते छत्तीसचे. चार सावत्र मुलांचं घर तिने सांभाळलंच, शिवाय नवऱ्याच्या रचना उतरवून देण्याचं कामही आयुष्यभर केलं. तिचं हस्ताक्षर त्यांच्या हस्ताक्षरासारखं दिसू लागलं, इतकं की पुढे अभ्यासकांना कुठला कागद कुणाचा हे ठरवायला कष्ट पडले.

लाइपझिगची निवड

मुलं मोठी होत होती, त्यांना विद्यापीठात शिकवायचं होतं. लाइपझिगला विद्यापीठ होतं आणि तिथल्या सेंट थॉमस शाळेच्या कँटरची जागा रिकामी झाली होती. कँटर म्हणजे शाळेचा संगीतशिक्षक आणि शहरातल्या प्रमुख चर्चच्या संगीताची जबाबदारी घेणारा माणूस.

नगरपरिषदेची पहिली पसंती होती टेलेमान या लोकप्रिय संगीतकाराला. हँबुर्गने त्यांचा पगार वाढवला आणि ते तिथेच राहिले. मग ग्राउपनर यांना विचारलं, पण त्यांच्या मालकाने त्यांना सोडलं नाही. सर्वोत्तम माणूस मिळत नसेल तर मध्यम प्रतीच्या माणसावर भागवावं लागेल, असा एक शेरा त्या वेळच्या सभेच्या इतिवृत्तात आहे. अखेर बाख यांची नेमणूक झाली.

करारातल्या अटी वाचण्यासारख्या आहेत. महापौरांच्या परवानगीशिवाय शहर सोडायचं नाही. चर्चमधलं संगीत फार लांबवायचं नाही आणि ते ऑपेरासारखं वाटता कामा नये. मुलांना लॅटिनही शिकवणं अपेक्षित होतं. ते काम बाख यांनी स्वतःच्या खिशातून पैसे देऊन एका सहकाऱ्यावर सोपवलं. कुटुंबाला राहायला जागा शाळेच्या इमारतीतच मिळाली.

सोमवार ते रविवार

३० मे १७२३ रोजी त्यांची लाइपझिगमधली पहिली रचना सादर झाली. त्यानंतर दर रविवारी आणि सणावारी एक कँटाटा हवा होता. उपवासाचा काळ आणि नाताळच्या आधीचे काही रविवार सोडले तरी वर्षाला साठच्या आसपास.

कँटाटा म्हणजे काय, हे मराठी माणसाला कीर्तनावरून चटकन कळेल. कीर्तनकार एक अभंग घेतो, तो श्रोत्यांच्या तोंडी असतो. मग त्याचं निरूपण, मध्ये पदं, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून गाणं. कँटाटातही त्या रविवारी वाचल्या जाणाऱ्या बायबलच्या उताऱ्यावर किंवा सर्वांना पाठ असलेल्या भजनावर रचना बेतलेली असते. एखादा गायक बोलल्यासारखं गात अर्थ सांगतो, मग भाव उलगडणारी एकल गीतं येतात आणि शेवटी बहुधा ओळखीच्या भजनाचं साधं कडवं. उपासना तीन-चार तास चालायची आणि कँटाटा साधारणपणे प्रवचनाच्या आधी असायचा.

काम कसं चालायचं ते हस्तलिखितांवरून दिसतं. पाच टोकांच्या लेखणीने पाच-पाच रेघा ओढायच्या, त्यांवर रचना लिहायची. मग विद्यार्थी, पत्नी, मुलं असे सगळे मिळून प्रत्येकाचा भाग वेगळा उतरवायचे. तालमीला वेळ कमी. आपल्याकडे पत्राच्या डोक्यावर ‘श्री’ लिहायची पद्धत आहे ना, तसं बाख अनेक रचनांच्या आरंभी ‘येशू, साहाय्य कर’ या अर्थाच्या लॅटिन शब्दांची आद्याक्षरं लिहीत. शेवटी ‘केवळ देवाच्या गौरवासाठी’ या शब्दांची आद्याक्षरं.

वेळ वाचवायची त्यांची एक युक्तीही होती. राणीच्या वाढदिवसासाठी केलेलं संगीत एकदा वाजलं की पुन्हा कोण वाजवणार? मग आईच्या चांगल्या साडीचं मुलीसाठी परकर-पोलकं शिवावं तसं त्या संगीताला नवे शब्द लावून ते चर्चसाठी वापरायचं. १७३४ सालचा त्यांचा प्रसिद्ध ‘ख्रिसमस ओरेटोरिओ’ बराचसा असा घडला आहे.

विसाव्या शतकाच्या मध्यावर आल्फ्रेड ड्युर आणि गेऑर्ग फॉन डाडेलझेन या अभ्यासकांनी कागदातले जलचिन्ह आणि नकलकारांची अक्षरं तपासली. लाइपझिगमधले बहुतेक कँटाटा पहिल्या काही वर्षांतच लिहिले गेले, हे त्यातून पुढे आलं. म्हणजे सुरुवातीला हा माणूस आठवड्यामागून आठवडे खरोखर त्या वेगाने लिहीत होता. आज त्यांचे सुमारे दोनशे कँटाटा उपलब्ध आहेत. त्याच काळात, १७२७ साली, दोन गायकवृंद आणि दोन वाद्यवृंद लागणारी, अडीच तासांहून मोठी ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ उभी राहिली.

चर्चच्या शाळेतून संगीतकार घडण्याचं हे चित्र गोव्याच्या वाचकांना ओळखीचं वाटेल. तिथला ख्रिस्ती पंथ वेगळा, काळही वेगळा, पण गावोगावच्या चर्चशी जोडलेल्या शाळांत मुलं पिढ्यान्‌पिढ्या स्वरलेखन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकली. त्यांतले अनेक जण मुंबईच्या चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांत आले. संगीतकार प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू अँथनी गोन्साल्विस हे त्यांपैकीच एक. त्यांचे वडील माजोर्डा गावच्या चर्चचा गायकवृंद सांभाळत.

पगार, पोरं आणि निरोगी हवा

१७३० साली बाख यांनी नगरपरिषदेला एक निवेदन दिलं. चर्चसंगीत नीट चालायला किती माणसं लागतात याचा हिशेब त्यात आहे. शाळेतल्या मुलांची वर्गवारीही दिली आहे : १७ जण कामाचे, २० जण अजून तयार व्हायचे आणि १७ जण संगीताला अजिबात निरुपयोगी. परिस्थितीत फारसा फरक पडला नाही.

त्याच वर्षी शाळेच्या दिवसांतल्या एका मित्राला त्यांनी पत्र लिहिलं. दुसरीकडे कुठे नोकरी बघता येईल का, अशी विचारणा होती. उत्पन्न सुमारे सातशे थालर, पण त्यातला मोठा भाग लग्न आणि अंत्यविधींच्या दक्षिणेवर अवलंबून. गावात हवा निरोगी असली की माणसं कमी मरतात आणि उत्पन्न घटतं. आदल्या वर्षी अशाने शंभर थालरहून अधिक नुकसान झालं, असं ते लिहितात. महागाईची तक्रार आहे, वरिष्ठांबद्दलची नाराजी आहे. पण त्याच पत्रात घरचा विषय निघाला की सूर बदलतो. माझी सगळी मुलं जन्मजात संगीतकार आहेत, घरच्या घरी गाण्या-वाजवण्याची मैफल उभी राहते, बायको छान गाते, थोरली मुलगीही बरी साथ देते, असं ते अभिमानाने सांगतात.

दोन लग्नांतून त्यांना वीस मुलं झाली. त्यांतली दहाच मोठी झाली. ज्या वर्षांत दर आठवड्याला नवी रचना लिहिली जात होती, त्याच वर्षांत या घरातून लहान मुलांच्या शवपेट्याही बाहेर पडत होत्या. मोठ्या झालेल्या मुलांतही सगळ्यांचं सुरळीत झालं नाही. बेर्नहार्ड नावाचा मुलगा कर्ज करून न सांगता निघून गेला. वडिलांनी त्याला नोकरी लावून दिली होती, आधीची देणीही फेडली होती. १७३८ च्या पत्रातला हा बाप हतबल आहे, मुलाचा पत्ता कुणाला ठाऊक असेल तर सांगा म्हणतो. दुसऱ्या वर्षी तो मुलगा वारला, वय अवघं चोवीस.

१७३९ साली नगरपरिषदेने पॅशनच्या सादरीकरणावर हरकत घेतली. बाख यांचं उत्तर असं होतं की त्यातून मला काही मिळत नाही, ते नुसतं ओझंच आहे. ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ लिहिणारा माणूस असं बोलला, यावरून तो किती थकला होता हे कळतं. तरी त्यांचं लिहिणं थांबलं नाही.

वह्यांचं काय झालं?

अखेरच्या वर्षांत दृष्टी गेली. १७४९ साली, बाख जिवंत असतानाच, त्यांच्या जागेसाठी दुसऱ्या उमेदवाराची चाचणी उरकली गेली. १७५० च्या वसंतात जॉन टेलर नावाच्या फिरत्या इंग्रज वैद्याने त्यांच्या डोळ्यांवर दोनदा शस्त्रक्रिया केली. गुण आला नाही, प्रकृती ढासळली आणि २८ जुलै १७५० रोजी वयाच्या पासष्टाव्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला. पुढे याच टेलरने हँडल या दुसऱ्या थोर संगीतकाराचे डोळे तपासून उपचार केले, तिथेही यश आलं नाही.

थडग्यावर नावाचा दगड नव्हता. हस्तलिखितं मुलांत आणि पत्नीत वाटली गेली. कार्ल फिलिप एमानुएल या मुलाने आपला वाटा जपला. थोरल्या विल्हेल्म फ्रीडेमानवर हलाखीची वेळ आली, त्याच्याकडची बरीच हस्तलिखितं विकली गेली आणि विखुरली. अॅना माग्डालेनाने आपल्या वाट्याचे काही कँटाटा शाळेला दिले आणि घरात आणखी सहा महिने राहण्याची मुभा मिळवली. दहा वर्षांनी ती वारली तेव्हा दानधर्मावर जगत होती.

शाळेला दिलेले ते कागद मात्र टिकले. १७८९ साली मोत्झार्ट लाइपझिगला आले, तेव्हा शाळेच्या मुलांनी त्यांना बाख यांचं एक समूहगीत ऐकवलं. ते ऐकून मोत्झार्ट चकित झाले आणि उपलब्ध कागद मागवून, ते भोवती पसरून वाचत बसले, असं सांगितलं जातं. पुढे वीस वर्षांच्या फेलिक्स मेंडेल्सोनने ११ मार्च १८२९ रोजी बर्लिनमध्ये ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ सादर केली. तिची प्रत त्याला आजीने भेट दिली होती. त्या कार्यक्रमानंतर बाख यांच्या चर्चसंगीताकडे लोक नव्याने वळले. १८५० साली त्यांची समग्र रचनावली छापायला एक संस्था स्थापन झाली, आणि ते काम पूर्ण व्हायला सुमारे पन्नास वर्षं लागली.

केसरबाईंच्या सोबत अवकाशात

१९७७ साली अमेरिकेच्या नासा संस्थेने ‘व्हॉयेजर’ ही दोन यानं सोडली. त्यांवर पृथ्वीची ओळख सांगणारी सोन्याचा मुलामा दिलेली ध्वनिमुद्रिका बसवली आहे. तिच्यात जगभरातल्या संगीताचे २७ नमुने आहेत. त्यांतले तीन बाख यांचे, इतर कुठल्याही संगीतकारापेक्षा जास्त. आणि भारताचं प्रतिनिधित्व करतो तो गोव्यातल्या केरी गावी जन्मलेल्या केसरबाई केरकरांचा आवाज, ‘जात कहाँ हो’ ही भैरवी. दोन्ही आवाज एकाच मुद्रिकेवर आज सूर्यमालेच्या ग्रहांपलीकडे प्रवास करत आहेत.

तुम्हाला ऐकायचं असेल तर

आपल्या कानाला एका वेळी एक सुरावट ऐकायची सवय आहे. बाख यांच्या संगीतात दोन, तीन, चार सुरावटी एकाच वेळी चालतात आणि प्रत्येकीला स्वतःचं वळण असतं. एकाने ओळ धरायची, ती संपते न संपते तोच दुसऱ्याने तीच ओळ वेगळ्या स्वरापासून उचलायची, मग तिसऱ्याने, असा जो प्रकार असतो त्याला फ्यूग म्हणतात. पहिल्यांदा गोंधळल्यासारखं होईल. त्या वेळी एकच सुरावट निवडा आणि तिचं बोट धरून शेवटपर्यंत जा. दुसऱ्यांदा ऐकताना दुसरी निवडा.

फोनवर नाव टाकलं की या रचना सहज मिळतात :

• पहिल्या चेलो सुइटचं प्रेल्यूड. एकटं वाद्य, अडीच-तीन मिनिटं. सुरुवात इथून करा.

• ‘वेल-टेम्पर्ड क्लॅव्हियर’च्या पहिल्या भागातलं सी मेजर प्रेल्यूड. घरात कुणी पियानो शिकत असेल तर त्याला वाजवायला सांगा.

• कँटाटा क्रमांक १४७ मधलं शेवटचं समूहगीत. सूर कदाचित ओळखीचे निघतील.

• कँटाटा क्रमांक १४०. पहाऱ्यावरचा माणूस हाक मारून झोपलेल्यांना जागं करतो, अशी कल्पना. मधल्या भागात वाद्यांची एक धून चालू असते आणि तिच्यावरून जुनं भजन संथपणे जातं.

• ‘सेंट मॅथ्यू पॅशन’चा आरंभ. हेडफोन लावा. दोन गायकवृंद एकमेकांना प्रश्न विचारतात आणि त्यांच्या वरून मुलांचा आवाज येतो.

हेडफोनमधून येणारे मुलांचे ते आवाज ऐकताना शाळेतल्या मुलांची ती वर्गवारीही आठवा : १७ कामाचे, २० व्हायचे, १७ निरुपयोगी. जी मुलं हाताशी होती त्यांनाच घेऊन, येत्या रविवारपर्यंत, हे संगीत उभं करायचं होतं.